आता कोण अडवतंय?

आजचा विषय म्हातारपण. थांबा, रेडिओ बंद करू नका. गुडघे, साखर, बीपी, लेक फोन करत नाही, सून विचारत नाही, हे सगळं आपण ओट्यावर बसून रोजच बोलतो. त्यात खोटं काही नाही. पण त्याच ओट्यावर, सगळ्या तक्रारी बोलून झाल्यावर, कोणीतरी हळूच म्हणतं, "काही म्हण बाई, पण आता बरं वाटतंय." हे बरं कशामुळं वाटतंय, याच्यावर फारसं कोणी बोलत नाही. आज आम्ही त्याच्यावर बोलणार आहोत.

हा कार्यक्रम करणाऱ्या आम्ही चौघी. पन्नाशी ओलांडलेल्या, सर्वांत मोठी सत्तरीला टेकलेली. गेले काही महिने पारनेर-श्रीगोंद्याकडच्या वाड्यावस्त्यांवर बचत गटांच्या बैठकांना जाऊन साठीच्या पुढच्या बायांना आम्ही एकच प्रश्न विचारत होतो: तरुणपणी नव्हतं असं आता काय मिळालं? आम्हाला वाटलं होतं, सगळ्या नातवंडं म्हणतील. नातवंडं आलीच, पण दुसऱ्या-तिसऱ्या नंबरावर. पहिलं उत्तर बहुतेक ठिकाणी एकच आलं: "आता कोण अडवतंय?"

आधी वयाचंच बघू. एका गटात एकोणीस जणी, त्यातल्या अकरा जणींचा वाढदिवस १ जानेवारीला. योगायोग नाही. आधार कार्ड काढताना जन्मतारीख कोणाला माहीत नव्हती, तिथल्या पोरानं वर्ष अंदाजानं टाकलं आणि तारीख वर्षाची पहिली. म्हणून आमच्याकडं वय विचारायची रीत वेगळी आहे. कोयनेचा भूकंप झाला, १९६७ चा डिसेंबर, तेव्हा केवढी होतीस? बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेली होतीस का? "गेले होते की, थोरला पोटात होता. सुकडी खाऊन दिवस काढले." झालं, म्हणजे बाईनं सत्तरी कधीच ओलांडली.

देश स्वतंत्र झाला तेव्हा आपल्याकडं माणसाचं सरासरी आयुष्य बत्तीस वर्षांच्या आसपास होतं. लहान मुलं फार दगावायची म्हणून हा आकडा इतका खाली, पण मोठी माणसंही लवकर जायची. आज तो सत्तरच्या आसपास आहे. २०११ च्या जनगणनेत साठी पूर्ण केलेली माणसं दहा कोटींहून जास्त निघाली, आणि त्यात बाप्यांपेक्षा बाया जास्त. म्हणजे आपल्या आज्या-पणज्यांतल्या पुष्कळ जणींना जो आयुष्याचा तुकडा मिळालाच नाही तो आपल्या पदरात पडलाय. ही वर्षं कशी घालवायची ते आपल्याला कोणी शिकवलेलं नाही. आपणच चाचपडत शिकतोय.

आता त्या 'अडवण्या'कडं येऊ. नवी सून घरात आली की तिच्यावर किती डोळे असतात ते आपल्याला माहीत आहे. ती किती वाजता उठली, कुठं बघून हसली, पाण्याला गेली तर किती वेळ लागला, डोक्यावरचा पदर कितपत होता, माहेरी किती दिवस राहिली. बाजारात भेळ खावीशी वाटली तरी खाता येत नाही, कोणी बघितलं तर? घराची सगळी अब्रू जणू तिच्याच पदराला गाठ मारून ठेवलेली असते, म्हणून सगळ्यांची नजर त्या गाठीवर. वय वाढतं, सून येते, आणि मग ही नजर तिच्याकडं वळते. आपल्यावरचा पहारा उठतो. एक मावशी म्हणाल्या, "मला पहिल्यांदा कळलंच नाही. वर्षभरानं ध्यानात आलं की आपण कुठं चाललोय ते कोणी विचारतच नाही."

यात एक कडू घोट आहे, तो आम्ही लपवणार नाही. पहारा उठतो तो आपल्यावर विश्वास बसला म्हणून नव्हे, राखण्यासारखं आता काही उरलं नाही असं लोकांना वाटतं म्हणून. पण कारण काही का असेना, दार उघडं राहिलंय हे खरं. आणि उघड्या दारातून बाया कुठं कुठं जाऊन आल्यात ते ऐका. ग्रामसभेत तरुण सून मागं उभी राहते. साठीची बाई पुढं बसते, आणि पाण्याच्या टाकीचं काय झालं ते सरपंचाला 'अरे' म्हणून विचारते, कारण त्याचं बारसं तिनं जेवलेलं असतं. नवऱ्याचं नाव चारचौघांत घेते. जेवण झालं की आधी पाय पसरून बसते, भांडी नंतर. एका वस्तीवर तर चार आज्या दर गुरुवारी बाजारात जाऊन खुर्चीवर बसून भेळ खातात. त्यांनी आम्हालाही खाऊ घातली. पैसे देऊ दिले नाहीत, हेही सांगायला हवं, कारण पैसे त्यांचे स्वतःचे होते. शेळीच्या बोकडाचे.

प्रवासाचंही तसंच. राज्याच्या एस.टी.त ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तरीच्या पुढच्या सगळ्यांना तिकीट नाही, आणि १७ मार्च २०२३ पासून सगळ्या वयाच्या बायांना अर्धं तिकीट. कंडक्टरला आधार कार्ड दाखवलं की झालं. त्या १ जानेवारीचा इथं फायदा झालेल्या आहेत, तसा तोटा झालेल्याही आहेत. आधारवर वय कमी पडलं असेल तर दुरुस्ती करून घ्या, नाहीतर हक्काचं काही ना काही हुकत राहील. आमच्याकडच्या एक आजी अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. त्यांची बहीण नाशिककडं दिलेली. मधे वीस वर्षं दोघींची भेट फक्त लग्नाला आणि मयताला. आता आजी मनात आलं की पिशवी उचलतात आणि जातात. आम्ही विचारलं, काय बोलता दोघी? म्हणाल्या, "बोलायचं काय, बसतो. आईच्या हातच्या शेंगोळ्या आठवतो. ती म्हणती लसूण जास्त घालायची, मी म्हणती जिरं."

वारीचं तर विचारूच नका. आळंदीहून ज्ञानोबांची आणि देहूहून तुकोबांची पालखी निघते तेव्हा डोक्यावर तुळस घेऊन चालणाऱ्यांत पन्नाशी-साठीच्या पुढच्या बाया किती असतात ते बघा. तरुणपणी निघायचं म्हटलं तर लेकरू अंगावर, गाई दुभत्या, पेरणी तोंडावर, आणि पाळीची तारीख. आता यातलं एकही आडवं येत नाही.

पाळीचा विषय निघालाच आहे तर तो नीट बोलू. पाळी बंद होणं म्हणजे बाईपण संपणं, असं आपल्या मनात भरवलेलं आहे. प्रत्यक्षात बायांनी आम्हाला काय सांगितलं? दर महिन्याचं दुखणं गेलं. फडकी धुणं, लपवून वाळत घालणं गेलं. पापडाला शिवू नको, लोणच्याची बरणी उघडू नको, देवघराकडं फिरकू नको, हे सगळं गेलं. विटाळ ही मुळात मानायची गोष्टच नाही असं आमचं मत आहे, आणि ते आम्ही या कार्यक्रमात वारंवार मांडलंय. पण ज्या घरात मानतात तिथल्या बाईला तो सुटल्याचा आनंद होतो, तो खरा आहे. आणि दिवस राहण्याची भीती जाते. याच्यावर बाया फार मोठ्यानं बोलत नाहीत, हसून एकमेकींकडं बघतात. आम्हीही तेवढ्यावरच थांबतो.

आपल्या देशात बायांची पाळी साधारण सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या सुमारास थांबते. सलग बारा महिने आली नाही तर ती कायमची गेली असं समजायचं. त्याआधीची दोन-चार वर्षं त्रासाची असतात. अंगातून वाफा निघतात, रात्री घामानं अंथरूण भिजतं, झोप मोडते, चिडचिड होते. ते उतरणीला लागतं. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. पाळी कायमची गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं, थेंबभर का असेना, तर "पाळी परत आली" म्हणून घरी बसू नका. लगेच डॉक्टरांकडं जा, गर्भाशयाच्या कॅन्सरची ती खूण असू शकते. आणि उलट बाजूनं, पाळीची कटकट नको म्हणून तिशी-पस्तिशीत पिशवी काढून टाकायची घाई करू नका. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडीच्या बायांचं काय झालं ते २०१९ साली सगळ्या राज्यानं ऐकलं, सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. उसाच्या फडात खाडा पडू नये म्हणून तरण्या बायांनी पिशव्या काढल्या आणि पुढं कंबरदुखी नि ठिसूळ हाडं घेऊन बसल्या. वेळेवर आलेलं म्हातारपण आणि वेळेआधी आणलेलं, यात फार फरक असतो.

आता एक गंमत ऐका. बहुतेक जनावरांच्या माद्या जगतात तोवर विऊ शकतात. गाय बघा, शेळी बघा. विणं थांबल्यावरही पुढं कितीतरी वर्षं जगणारी मादी फार थोड्या प्राण्यांत सापडते. त्यात एक आपण आणि दुसरे समुद्रातले काही देवमासे. शास्त्रज्ञांना याचं नवल वाटलं. क्रिस्टन हॉक्स नावाच्या अमेरिकेतल्या एक बाई आणि त्यांचे सहकारी आफ्रिकेतल्या टांझानिया देशात हाडझा लोकांमध्ये जाऊन राहिले. हे लोक शेती करत नाहीत, रानातलं गोळा करून आणि शिकार करून जगतात. तिथं त्यांना काय दिसलं, तर कडक जमिनीत खोल गेलेले कंद उकरायचं सगळ्यांत चिवट काम म्हाताऱ्या बाया करतात. आईच्या अंगावर नवं बाळ आलं की तिला कंद खणायला वेळ मिळत नाही. मग तिचं आधीचं, नुकतं दूध सुटलेलं लेकरू जगतं ते आजीनं आणलेल्या कंदांवर. यावरून त्यांनी मांडलं की माणसाच्या जातीत बाईला पाळी गेल्यानंतरचं लांब आयुष्य मिळालं, ते आजीमुळं नातवंडं जगली म्हणून. सगळे शास्त्रज्ञ यावर एकमतानं बोलतात असं नाही, पण या म्हणण्याला मान आहे.

आणि तो देवमासा, ऑर्का म्हणतात त्याला. त्याच्या कळपात पिल्लं होणं थांबलेली म्हातारी मादी सगळ्यांच्या पुढं पोहते. ज्या वर्षी खायचे मासे कमी असतात त्या वर्षी तर जास्तच. मासे कुठं सापडतील ते तिला ठाऊक असतं, कारण असली वर्षं तिनं आधी बघितलेली असतात.

हे वाचलं तेव्हा आम्हाला बहात्तर आठवलं. कोणत्या ओढ्यात वाळू उकरली की पाणी लागतं, तांदुळजा आणि घोळ संपली की कशाचा पाला शिजवून खाता येतो, कोणता खाल्ला की पोट धरून बसावं लागतं, हे त्या वर्षी घरोघरच्या म्हाताऱ्यांनीच सांगितलं होतं. आमच्याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणं जपलं. शाळेचं तोंड न पाहिलेल्या या बाईला २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. वालाची, भाताची, भाजीपाल्याची जी जुनी वाणं त्यांनी राखली, ती राखायची रीत जुन्या बायांचीच होती. गाडग्यात राख घालून बी ठेवायचं, कडुनिंबाचा पाला घालायचा. आपल्यातल्या किती जणींना हे येतं? आणि कधी कोणाला शिकवलंय?

पण आजीचा उपयोग असतो म्हणून आजीला जुंपायचं, हे आम्हाला मान्य नाही. लेक आणि सून दोघंही कामावर, सकाळी सात ते रात्री आठ पोरं आजीच्या गळ्यात, वर गुरं, वर स्वयंपाक. त्याला नातवंडांचं सुख म्हणत नाहीत, ती बिनपगारी चाकरी झाली. नातवाला गोष्ट सांगणं वेगळं आणि त्याच्या मागं दिवसभर धावणं वेगळं. ज्या आज्या आम्हाला खरंच नातवंडांच्या सुखाबद्दल बोलताना खुललेल्या दिसल्या, त्यांच्याकडं एक गोष्ट सारखी होती. कंटाळा आला की मूल परत आईकडं देता येत होतं. आपल्या लेकरांच्या वेळी ते जमलं नव्हतं. एकीनं सांगितलं, "माझ्या पोरांचं बोबडं बोलणं मला आठवतच नाही. कामाच्या रेट्यात ऐकलंच नाही. नातीचं ऐकते."

मनाचं काय होतं? लोक म्हणतात म्हातारं माणूस चिडकं होतं. दुखणं, एकटेपण, पैशाची ओढ असली की होतंच. पण अमेरिकेत लॉरा कार्स्टेन्सन नावाच्या मानसशास्त्राच्या एक बाई अनेक वर्षं याच गोष्टीचा अभ्यास करतात. त्यांना आणि इतरांनाही असं दिसलं की वय वाढतं तसा राग, धास्ती, हेवा सरासरीनं कमी होतो आणि समाधान वाढतं. अगदी शेवटच्या आजारपणाची गोष्ट निराळी. याचं कारण त्या सांगतात ते आपल्याला पटण्यासारखं आहे. पुढं वेळ थोडा उरलाय हे कळलं की माणूस निवड करायला लागतं. सतरा ठिकाणी नाती राखण्यापेक्षा जिव्हाळ्याची चार धरून ठेवतं. ज्या भांडणातून काही निघणार नाही त्यात पडत नाही. एका जावेनं दुसरीशी बांधाच्या वितभर जागेवरून बावीस वर्षं बोलणं टाकलं होतं. बावीस वर्षांनी तीच उठून तिच्या घरी चहाला गेली. का, असं विचारलं तर म्हणाली, "तिलाही मोतीबिंदू, मलाही मोतीबिंदू. बांध दोघींनाबी दिसत नाही."

तर मोतीबिंदू. आम्ही ज्यांना ज्यांना भेटलो त्यांत सगळ्यांत चमकलेले चेहरे ऑपरेशन झालेल्या बायांचे होते. डोळ्यातलं भिंग वयानं आधी पिवळसर आणि मग तपकिरी, गढूळ होतं. हे इतकं सावकाश होतं की आपल्याला कळत नाही. आपण समजतो साडीचाच रंग उडालाय, नाहीतर घरातला दिवा मंद झालाय. पिवळं भिंग सगळ्यांत जास्त अडवतं ते निळा रंग. म्हणून ऑपरेशननं स्वच्छ भिंग बसलं की पहिल्यांदा आभाळ दिसतं. एक आजी पट्टी काढल्यावर दवाखान्याच्या पायरीवर उभ्या राहून आभाळाकडंच बघत बसल्या. मग घरी येऊन सुनेला म्हणाल्या, तुझ्या तोंडावर एवढे वांग कधी आले? आणि मग भिंतीकडं बघून, जाळी कोण काढत नाही का या घरात? सुनेनं आम्हाला हे हसत सांगितलं, पण थोडं कपाळाला हात लावूनच.

मोतीबिंदू पिकायची वाट बघत बसायची आता गरज नाही. रोजच्या कामाला अडायला लागलं, तांदळातला खडा दिसेना, एस.टी.ची पाटी वाचता येईना, की दाखवायचं. सरकारी रुग्णालयात ऑपरेशन मोफत होतं. काही आठवडे चुलीचा धूर, धूळ, डोक्यावरचं ओझं आणि डोळ्यात पाणी जाणं टाळायचं, थेंब सांगितले तितके दिवस घालायचे. डोळा लाल झाला, ठणकायला लागला किंवा दिसायचं कमी झालं तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी परत जायचं.

डोळे परत आले की कोणाकोणाला अक्षरं शिकावीशी वाटतात. ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड तालुक्यात फांगणे गाव आहे. तिथं ८ मार्च २०१६ ला, महिला दिनी, जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांनी आजीबाईंची शाळा सुरू केली. साठीच्या पुढच्या विद्यार्थिनी, कोणी नव्वदीच्या जवळची. गुलाबी नऊवारी हा गणवेश, खांद्याला दप्तर, हातात पाटी, वेळ दुपारची, घरची-शेतातली कामं उरकल्यावरची. शिकवणारी गावातलीच एक सून, आणि तिच्या वर्गात तिची सासूही बसलेली. अंगठा लावणाऱ्या बाया तिथं सही करायला शिकल्या. याचा काय उपयोग, असं विचारणारे भेटतात. बँकेत रांगेत उभं राहून निळ्या शाईचा अंगठा पदराला पुसत परत येणं ज्यांनी केलंय त्यांना हा प्रश्न पडत नाही.

लक्ष्मीबाई टिळकांचं उदाहरण तर आणखी जुनं. लग्नानंतर कशीबशी अक्षरं शिकलेल्या या बाईंच्या 'स्मृतिचित्रे' पुस्तकाचा पहिला भाग १९३४ साली आला तेव्हा त्या सहासष्ट वर्षांच्या होत्या. डोकं त्या वयात चालतं का? चालतं. नावं पटकन आठवत नाहीत, चष्मा कुठं ठेवला ते विसरतं, हिशेबाला वेळ लागतो, हे सगळं वयाचं. पण शब्दांचा साठा, माणसांची पारख, कोणत्या गोष्टीचं पुढं काय होणार याचा अंदाज, हे साठीतही वाढत असतं. रोजच्या वाटेवर घर सापडेनासं झालं, किंवा जन्मभर केलेली भाजी कशी करायची तेच सुचेना, तर मात्र ते नुसतं वय नव्हे, डॉक्टरांना दाखवावं लागतं.

इथपर्यंत ऐकून काही जणी म्हणत असतील, हे सगळं ठीक आहे, पण आमचं कुंकू गेलं त्याचं काय? बरोबर आहे. बाया पुरुषांपेक्षा जास्त जगतात आणि नवऱ्यापेक्षा वयानं लहान असतात, म्हणून आपल्यातल्या बहुतेकींच्या आयुष्याची शेवटची वर्षं नवऱ्याशिवाय जातात. पहारा उठला म्हणतो आपण, पण विधवा बाईवर दुसराच पहारा बसतो. हळदीकुंकवाला बोलावणं नाही, लग्नात पुढं यायचं नाही, स्वतःच्या लेकराला हळद लावायची नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावानं मे २०२२ मध्ये ठराव केला की बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, जोडवी आणि मंगळसूत्र काढून घेणं आपल्या गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. ठराव झाला म्हणजे मनं बदलली असं नाही, हे आम्हालाही कळतं. पण आमच्याकडच्या दोन गटांनी संक्रांतीला सगळ्यांना बोलवायचं ठरवलं आणि सगळ्या आल्या. एक पासष्टीच्या काकू बावीस वर्षांनी वाण घेऊन घरी गेल्या. काय मिळालं होतं? स्टीलची चाळणी. त्या चाळणीनं त्या पीठ चाळत नाहीत, ती मांडणीवर पुढं ठेवलीय.

आता शेवटचं आणि जरा रोखठोक. ज्या बाया आम्हाला आनंदात दिसल्या त्यांच्या जवळ थोडं का होईना, स्वतःच्या नावावर काहीतरी होतं. दोन शेळ्या, गटातली शिल्लक, पासबुक, राहतं घर. ज्यांनी पोरांच्या शब्दाखातर सगळं आधीच सही करून दिलं त्यांना "कोण अडवतंय" म्हणताना आम्ही ऐकलं नाही. म्हणून ज्या पस्तिशी-चाळिशीत आहेत त्यांनी हे आजच कानाआड करू नये. नवऱ्याच्या हयातीतच लक्ष्मीमुक्ती योजनेतून बायकोचं नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लावता येतं, तलाठ्याकडं विचारा. साठीतल्यांनी बक्षीसपत्र किंवा हक्कसोडपत्र करायच्या आधी दहादा विचार करावा. मुलांना द्यायचंच असेल तर मृत्युपत्र करा, ते आपण जिवंत असेपर्यंत कधीही बदलता येतं. बक्षीसपत्र करायचंच असेल तर "शेवटपर्यंत सांभाळायचं" ही अट त्या कागदातच लिहून घ्या. २००७ च्या आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात तरतूद आहे की अशी अट घालून दिलेली मिळकत घेऊन पुढं सांभाळलं नाही तर तो कागद रद्द करता येतो. पोटगीसाठीही याच कायद्याखाली प्रांताधिकाऱ्यांपुढं अर्ज करता येतो.

पासष्टीच्या पुढच्या, ज्यांचं वर्षाचं उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत आहे, त्यांनी श्रावणबाळ योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात करावा. २०२३ पासून त्यात महिन्याला १,५०० रुपये मिळू लागले. दर वर्षी हयातीचा दाखला द्यायला विसरलं तर पैसे थांबतात. आणि कागदपत्रांचं काही कळेनासं झालं, तर तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, तिथं जा. तिथं बाईला वकील फुकट मिळतो, उत्पन्न कितीही असो.